मार्सेलिसचा जमादार

८ जुलै १९१०. सकाळची वेळ. मार्सेलिसच्या गोदीत पहाऱ्यावर असलेल्या पेस्किए नावाच्या फ्रेंच पोलिसाला समोरच्या इंग्रजी बोटीच्या गोल खिडकीतून एक माणूस बाहेर पडताना दिसला. अंगावर जवळजवळ काही नाही. माणूस पाण्यात पडला, पोहत धक्क्याला आला, वर चढला आणि पळत सुटला. तेवढ्यात बोटीवरून काही जण हातवारे करत, ओरडत फळीवरून खाली धावले. धक्क्यावरच्या बघ्यांनीही ‘पकडा, पकडा’ असा गिल्ला केला. पेस्किए पळणाऱ्याच्या मागे लागला आणि पाचेकशे मीटरवर त्याने त्याला गाठलं.

पेस्किएचा हुद्दा ब्रिगेडिअरचा, पण लष्करातला नव्हे. फ्रेंच सागरी पोलिसातला, आपल्या जुन्या जमादाराच्या तोलाचा. आपण कोणाला धरलंय याची त्याला गंधवार्ताही नव्हती. बोटीवरचाच कोणी खलाशी असेल, काहीतरी भानगड करून पळत असेल, असा त्याचा समज. त्याला इंग्रजी येत नव्हतं. मला मॅजिस्ट्रेटपुढे न्या, असं पकडलेला माणूस त्याला विनवत होता, असं त्या माणसाच्या बाजूच्या हकिगतींत आहे. जमादाराने त्याचा डावा दंड धरला आणि बोटीवरून आलेल्या माणसांच्या मदतीने, ज्यांत हिंदी पोलिसही होते, त्याला परत नेलं. बोटीच्या डेकवर पाऊल पडेपर्यंत त्याने तो दंड सोडला नाही. सारा प्रकार काही मिनिटांत आटोपला.

मराठी घरांत ही गोष्ट ‘उडी’ म्हणून सांगितली जाते. शाळेच्या स्नेहसंमेलनात, व्याख्यानमालेत, चित्रात, सगळीकडे माणूस समुद्रात आहे, वर गोळ्या सुटताहेत आणि लाटा उसळताहेत. पॅरिसमधल्या क्रांतिकारक मादाम कामा त्यांना न्यायला मोटारीतून येत होत्या, थोडक्यात चुकामूक झाली, ही हळहळही त्यात असते. पण पोहण्याचं अंतर फार नव्हतं. बोट गोदीतच उभी होती. धाडसाबद्दल वाद नाही. तरी विनायक दामोदर सावरकरांचं पुढचं आयुष्य ठरलं ते पाण्यात नव्हे, धक्क्यावर, त्या पाचशे मीटरांत. पळताना त्यांच्या पायाखाली फ्रान्सची जमीन होती, आणि उडी मारली होती ती त्या जमिनीसाठीच.

फ्रान्सच का, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. १९०२ साली सावरकर पुण्याला फर्ग्युसन महाविद्यालयात आले. १९०५च्या दसऱ्याच्या सुमारास पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली, त्याबद्दल कॉलेजने त्यांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढलं. पुढच्याच वर्षी ते बॅरिस्टर व्हायला लंडनला गेले. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळी घातली. ज्या ब्राउनिंग पिस्तुलांचा माग लागला, ती सावरकरांनी लंडनहून धाडलेल्या वीस पिस्तुलांपैकी होती, असा सरकारचा आरोप. १९१०च्या सुरुवातीला सावरकर पॅरिसमध्ये होते, म्हणजे फ्रान्सच्या आसऱ्याला आधीच पोचलेले होते. मित्रांनी अडवलं तरी ते लंडनला परत आले आणि १३ मार्चला व्हिक्टोरिया स्टेशनवर गाडीतून उतरताच पकडले गेले. ज्या देशात पोचण्यासाठी चार महिन्यांनी जिवावर उदार होऊन खिडकीतून उडी मारावी लागली, तिथून ते स्वतःच्या पायांनी निघून आले होते. चरित्रकार या निर्णयाला त्याग म्हणतात, काही जण अविचार म्हणतात. मला त्यात एका बॅरिस्टरीच्या विद्यार्थ्याचा इंग्रजी कायद्यावरचा जरा जास्तच भरवसा दिसतो.

कायद्याची मेख अशी होती. इंग्लंड हा एकोणिसाव्या शतकात राजकीय फरारींचा मोठाच आसरा. मार्क्स तिथे राहिला, इटलीचा मॅझिनी तिथे राहिला, आणि सावरकरांनी लंडनमध्ये बसून मॅझिनीचंच आत्मचरित्र मराठीत आणलं. इंग्लंडचा १८७०चा प्रत्यार्पण कायदा सांगत होता की राजकीय गुन्ह्यासाठी कोणालाही परक्या सरकारच्या हवाली करायचं नाही. पण हा कायदा परक्या देशांपुरता. साम्राज्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात आरोपी पाठवायला १८८१चा वेगळा कायदा होता आणि त्यात राजकीय गुन्ह्याची सवलतच नव्हती. म्हणजे रशियाच्या झारविरुद्ध कट करणाऱ्याला लंडनमध्ये अभय होतं. मुंबई सरकारविरुद्ध कट करणाऱ्याला नव्हतं. सावरकर ब्रिक्स्टनच्या तुरुंगातून हेबियस कॉर्पससाठी वरच्या कोर्टापर्यंत लढले आणि हरले. त्यांना हिंदुस्थानात नेताना बोट फ्रान्सला थांबणार हे कळल्यावर हिशेब सोपा होता. फ्रान्स परका देश. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यातल्या १८७६च्या करारात राजकीय गुन्हेगार सोपवायचे नाहीत असं कलम होतं. एकदा फ्रेंच जमिनीवर पाऊल टाकलं की इंग्रजांना त्यांना रीतसर मागावं लागलं असतं, आणि तशी मागणी टिकली नसती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अरविंद घोष फ्रेंचांच्या पाँडिचेरीत जाऊन राहिले ते याच हिशेबाने. इंग्रजांना त्यांना तिथून कधीच हलवता आलं नाही.

पुण्याला परक्याच्या आसऱ्याचं राजकारण काही नवं नव्हतं. पेशवाईवर दावा सांगणारे राघोबादादा पुण्याच्या कारभाऱ्यांपासून पळून सुरतेला इंग्रजांकडे गेले, मार्च १७७५मध्ये त्यांनी तह केला, आणि पुढची सात वर्षं पुणे दरबाराचा इंग्रजांशी जो वाद चालला त्याच्या मुळाशी ‘आमचा माणूस आमच्या हवाली करा’ हेच होतं. पुरंदरच्या तहात इंग्रजांनी राघोबांना मदत न करण्याचं कबूल केलं आणि मुंबईच्या इंग्रजांनी ते धाब्यावर बसवलं. वडगावला जानेवारी १७७९मध्ये इंग्रजांची फजिती झाल्यावर राघोबांना महादजी शिंद्यांच्या ताब्यात द्यावं लागलं, तर काही महिन्यांतच ते निसटून पुन्हा इंग्रजांकडे. त्या काळी आसरा मिळायचा तो आश्रिताच्या मोलावर. राघोबांच्या झोळीत पेशवाई होती. मार्सेलिसच्या उघड्या माणसाकडे द्यायला काहीच नव्हतं. त्याच्या बाजूला फक्त कागदावरचा एक नियम होता, आणि तो नियम धक्क्यावरच्या जमादाराला माहीत नव्हता.

जमादाराच्या वरिष्ठांना मात्र बरंच माहीत होतं. २९ जूनलाच लंडनच्या पोलिसप्रमुखांनी पॅरिसच्या पोलिस मुख्यालयाला कळवलं होतं की ‘मोरिया’ बोटीवर असा असा कैदी आहे, बोट ७ किंवा ८ जुलैला मार्सेलिसला लागेल, हिंदी क्रांतिकारकांकडून काही गडबड होऊ नये याची काळजी घ्यावी. पॅरिसने मार्सेलिसच्या प्रिफेक्टला कळवलं, त्याने पोलिसांना. बोट लागल्यावर एक फ्रेंच पोलिस अधिकारी बोटीवर येऊन मदतीची तयारीही दाखवून गेला. दोन्ही देशांच्या पोलिसांत एक समजूत झाली होती. पळून जाऊ नये म्हणून सगळी व्यवस्था केली, पण हा माणूस किनाऱ्यावर आलाच तर त्याचं काय करायचं, हे कोणी कोणाला विचारलंच नव्हतं.

आणि बोट लगेच सुटलीही नाही. ‘मोरिया’ ९ जुलैला निघाली. म्हणजे एक पूर्ण दिवस सावरकर मार्सेलिसच्या गोदीतच होते, फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हाकेच्या अंतरावर, आणि कोणी काही बोललं नाही. हा एक दिवस पुढे फार महागात पडला.

२२ जुलैला त्यांना मुंबईत उतरवलं आणि पुढे पुण्याला येरवड्याच्या तुरुंगात ठेवलं. पाचच वर्षांपूर्वी फर्ग्युसनचा विद्यार्थी म्हणून ज्या शहरात कपड्यांची होळी पेटवली, त्याच शहरात हा माणूस आता मुळा-मुठा ओलांडून पलीकडे गजांआड होता. इकडे पॅरिसमध्ये मादाम कामांनी आणि मार्क्सचा नातू ज्याँ लोंगे याने आरडाओरडा सुरू केला. समाजवाद्यांच्या ‘ल्यूमानिते’ने प्रकरण लावून धरलं. फ्रेंच जमिनीवरून इंग्रज पोलिसांनी माणूस नेला ही गोष्ट फ्रेंच अभिमानाला झोंबली. सरकारला इंग्लंडशी जुळलेलं सख्यही सोडायचं नव्हतं आणि लोकांपुढे मानही खाली घालायची नव्हती. २५ ऑक्टोबर १९१० रोजी दोन्ही सरकारांनी वाद हेगच्या स्थायी लवाद न्यायालयाकडे सोपवला. प्रश्न एका ओळीचा: आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार सावरकरांना फ्रान्सला परत द्यायचं की नाही?

लवादात पाच जण. बेल्जियमचे बेर्नार्ट अध्यक्ष, फ्रान्सकडून लुई रनो, इंग्लंडकडून अर्ल ऑफ डेझार्ट, नॉर्वेचे ग्राम आणि हॉलंडचे साव्होर्निन लोमन. बेर्नार्ट आणि रनो दोघेही शांततेच्या नोबेलचे मानकरी. पारतंत्र्यातल्या एका सत्तावीस वर्षांच्या माणसासाठी असं न्यायपीठ बसावं हे त्या काळात अजबच होतं. पण त्या माणसाला त्यात जागा नव्हती. तो पक्षकार नव्हता, साक्षीदार नव्हता. दोन सरकारांच्या वादातला मुद्देमाल होता.

आणि मुंबई सरकार हेगसाठी थांबलं नाही. तीन न्यायाधीशांच्या खास न्यायासनापुढे सप्टेंबरातच खटला सुरू झाला. २४ डिसेंबर १९१०ला पहिली जन्मठेप, ३० जानेवारी १९११ला दुसरी. हेगला तोंडी बाजू ऐकली गेली ती १४ फेब्रुवारीपासून. निकाल २४ फेब्रुवारीला.

तो निकाल आजही वाचण्यासारखा आहे, कारण त्यात जमादाराची जबानी आहे आणि पुढची सगळी गणितं तिच्यावरच मांडली आहेत. लवादाने म्हटलं की इंग्रजांनी फसवणूक किंवा जबरदस्ती केली नाही. पकडलं ते फ्रेंच पोलिसाने, परत नेलं तेही त्यानेच. इंग्रजांच्या माणसांनी हातभार लावला इतकंच. दोन्ही पोलिसखात्यांत आधी पत्रव्यवहार झाला होता, तेव्हा जमादार वरच्या हुकुमाने वागतोय असं बोटीवरच्यांना वाटलं तर नवल नाही. बोट सुटेपर्यंत फ्रेंचांनी हरकतही घेतली नाही. एवढं झाल्यावर शेवटचा मुद्दा. सावरकरांची अटक आणि त्यांना सोपवणं यात चूक झाली, हे लवादाने मान्य केलं. पण परक्या देशाच्या नोकराच्या चुकीमुळे कैदी हाती आला असेल, तर तो परत दिलाच पाहिजे असा नियम आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही, असा निर्णय दिला. चूक झाली खरी, पण ती ज्याच्या पथ्यावर पडली त्याने ती निस्तरण्याचं कारण नाही.

या निकालावर तेव्हापासून कायदेपंडित टीका करत आले आहेत. मला तो क्रूर वाटत नाही, बथ्थड वाटतो. पाचही न्यायाधीशांनी वाद दोन मालकांच्या हद्दीचा म्हणून पाहिला: जमीन कोणाची, चूक कोणाच्या नोकराची, भरपाई कोणाची. पळणाऱ्या माणसाचा स्वतःचा काही हक्क असू शकतो, हा विचारच त्या चौकटीत बसत नव्हता. जून १९११मध्ये ‘महाराजा’ बोटीने सावरकरांना अंदमानला नेलं.

तो हक्क कागदावर यायला दोन महायुद्धं व्हावी लागली. १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याने छळापासून आसरा मागण्याचा अधिकार मान्य केला. १९५१च्या निर्वासित कराराने त्याला दोन पाय दिले. कलम ३१ म्हणतं, जीव वाचवायला आलेला माणूस विनापरवाना शिरला म्हणून त्याला शिक्षा करू नये. कलम ३३ म्हणतं, जिथे जीव किंवा स्वातंत्र्य धोक्यात आहे तिथे त्याला परत ढकलू नये. खिडकीतून उडी मारून आलेल्या उघड्या माणसासाठीच लिहिली असावीत अशी ही कलमं.

पण आज माणसं गोदीत उतरत नाहीत, विमानतळावर उतरतात, आणि तिथेही गाठ पडते ती जमादाराशीच. रीत साधारण सगळीकडे सारखी. पासपोर्ट तपासणाऱ्या खिडकीशी जायचं आणि पहिल्या गणवेशवाल्याला सांगायचं की मला परत जायची भीती आहे, मला इथे आसरा हवा. अर्ज, वकील, व्हिसा यांतलं काहीही आधी लागत नाही. इंग्लंडमध्ये मग बोटांचे ठसे, फोटो आणि पहिली छोटी मुलाखत होते: नाव काय, कुठून आलात, कोणत्या वाटेने, का. दुभाषा मिळतो. खरी सविस्तर मुलाखत पुढे गृहखात्याचा वेगळा अधिकारी घेतो. अमेरिकेत १९९६च्या कायद्याने खिडकीवरच्या अधिकाऱ्याला कागदपत्रं नसलेल्याला तिथल्या तिथे परत पाठवायचा अधिकार दिला आणि असा परत गेलेला पाच वर्षं पुन्हा येऊ शकत नाही. मात्र प्रवाशाने भीती बोलून दाखवली, तर त्याला आश्रय-अधिकाऱ्यापुढे उभं करायचं बंधन घातलं. म्हणजे सगळा भार एका वाक्यावर, आणि ते वाक्य समोरच्याने ऐकून टिपून घेण्यावर. अमेरिकी सरकारच्याच धर्मस्वातंत्र्य आयोगाने विमानतळांवर माणसं बसवून पाहिलं आणि २००५ साली अहवाल दिला. भीती बोलून दाखवूनही पुढे न पाठवता परत धाडलेले प्रवासी त्यांना सापडले. पेस्किएला निदान भाषा तरी येत नव्हती.

सरकारंही शहाणी झाली. माणूस धक्क्याला लागल्यावर त्रास होतो, तर त्याला लागूच देऊ नये. फेब्रुवारी १९८७मध्ये हीथ्रोवर ५८ तमिळ आले. परत पाठवायला निघाल्यावर त्यांतल्या काहींनी धावपट्टीजवळ अंगावरचे कपडे काढून निषेध केला. त्याच वर्षी इंग्लंडने कायदा केला, कागदपत्रांविना प्रवासी आणला तर विमान कंपनीला माणशी हजार पौंड दंड. तेव्हापासून खरी खिडकी सरकली ती निघण्याच्या गावी, विमान कंपनीच्या काउंटरवर. तिथल्या कर्मचाऱ्याला निर्वासित करार माहीत असण्याची गरज नाही. त्याला दंड माहीत असतो.

आपल्याकडचं सांगायचं तर भारताने १९५१च्या करारावर सही केलेली नाही आणि आश्रयाचा वेगळा कायदाही नाही. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर उतरून कोणी परदेशी माणसाने आसरा मागितला तर इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यापुढे त्यासाठी ठरलेली कायदेशीर वाट नाही. तो परदेशी नागरिकांच्या कायद्याच्या चौकटीत येतो. तिबेटींना आणि श्रीलंकेच्या तमिळांना सरकारने स्वतः थारा दिला, अफगाण किंवा म्यानमारच्या माणसांची नोंद दिल्लीतलं संयुक्त राष्ट्रांचं निर्वासित कार्यालय करतं. आसरा मिळतो, कधी मोठ्या मनाने मिळतो, पण तो सरकारच्या मर्जीचा. न्यायालयांनी अधूनमधून घटनेच्या २१व्या कलमाचा आधार घेऊन एखाद्याला हाकलण्यापासून वाचवलं आहे. सावरकरांच्या उडीचा अभिमान बाळगणाऱ्या शहराला या रिकाम्या जागेबद्दल फार काही वाटल्याचं मला तरी ऐकू आलेलं नाही.

फ्रान्सला आपली जमीन कुठे सुरू होते हा प्रश्न पुन्हा भेटला, तो ऐंशी वर्षांनी, ओर्ली विमानतळावर. ९ मार्च १९९२ रोजी दमास्कसहून आलेल्या विमानातून चार सोमाली भावंडं उतरली. सोमालियात यादवी पेटली होती. पासपोर्ट बनावट निघाले म्हणून त्यांना आत घेतलं नाही. विमानतळाजवळच्या हॉटेलाचा एक मजला गृहखात्याने भाड्याने घेतला होता. पोलिस त्यांना भल्या पहाटे विमानतळावरच्या एका दालनात आणून बसवत आणि रात्री हॉटेलात नेऊन सोडत. असे वीस दिवस. सरकारचं म्हणणं होतं की हा ‘आंतरराष्ट्रीय विभाग’ आहे. ही माणसं अजून फ्रान्समध्ये आलेलीच नाहीत, आणि त्यांना परत दुसऱ्या देशात जायला कोणी अडवलेलं नाही. १९१०ला सावरकर फ्रान्सच्या जमिनीवर होते हे सगळ्यांना मान्य होतं. १९९२पर्यंत सरकार इतकं पुढे गेलं होतं की जमिनीवर उभ्या माणसाच्या पायाखालची जमीनच नाकारत होतं.

युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने जून १९९६मध्ये हा युक्तिवाद फेटाळला. विमानतळाचा विभाग नावाने आंतरराष्ट्रीय असला तरी तिथे फ्रान्सचाच कायदा चालतो आणि भावंडांचं स्वातंत्र्य बेकायदा हिरावलं गेलं, असा निकाल दिला. त्याच्याही आधी, ३१ मार्च १९९२ला, पॅरिसजवळच्या क्रेतेयच्या न्यायालयाने त्यांना डांबून ठेवणं बेकायदा ठरवून सुटकेचा हुकूम काढला होता. पोलिसांनी त्यांना सीरियाच्या विमानात बसवलं होतं ते २९ मार्चला.